काहीतरी खटकतंय

गेल्या महिन्यात एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना एका शब्दाशी अडले आणि तीन दिवस तिथंच अडून राहिले. शब्द अगदी साधा, ‘ऑड’. कथेतली बाई बऱ्याच वर्षांनी एका घरात पाऊल टाकते आणि लेखक एवढंच सांगतो, की घरात काहीतरी ऑड होतं. खुर्च्या जागच्या जागी आहेत, पडदे तेच आहेत, भिंतीवरचं घड्याळ चालू आहे. अजून काही घडलेलं नाही. जे घडायचं ते चार पानं पुढे आहे. वाचणाऱ्याच्या मनात एक बारीक कुसळ रुतावं, एवढंच त्या शब्दाचं काम.

मी ‘विचित्र’ लिहून पाहिलं. आता घरात भूत निघणार, हे वाचणारा तिथंच ओळखेल. ‘चमत्कारिक’ला आजीच्या पिढीचा सूर लागतो आणि कथेतली बाई पस्तिशीची आहे. ‘विलक्षण’ म्हणजे कौतुक झालं. ‘वेगळं’ म्हटलं तर भिंतींना नवा रंग दिला असावा, इतकंच. ‘अजब’, ‘आक्रीत’, ‘भलतंच’, ‘जगावेगळं’... एकेक शब्द लावून पाहिला आणि एकेक उतरवून ठेवला.

त्याच दिवसांत भाची माझ्याकडे राहायला आली होती. सतरा वर्षांची आहे. तिच्या तोंडी एक शब्द सतत असतो, ‘वियर्ड’. मैत्रिणीनं लांबलचक मेसेजला उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवला, वियर्ड. रस्त्याच्या कडेला एकच चप्पल पडलेली, वियर्ड. स्वप्नात शाळेचा वर्ग पाण्याखाली होता आणि सगळे नेहमीसारखे उत्तरं लिहीत होते, वियर्ड. नव्या फोनची घंटी वियर्ड. वर्गातल्या एका मुलानं काही कारण नसताना सॉरी म्हटलं, तेही वियर्डच. मी कामासाठी उघडलेल्या वहीत हे पाचही प्रसंग टिपून ठेवले आणि संध्याकाळी तिला विचारलं, “वियर्ड म्हणजे नक्की काय गं?”

“म्हणजे वियर्ड, मावशी. तुला कळतंय ना!”

कळत होतंच. पण अंगठा, चप्पल, स्वप्न, घंटी आणि सॉरी या पाचांत सारखं काय आहे, ते तिला सांगता येईना आणि मलाही. मग मी माझी कथा बाजूला ठेवली आणि तिचा शब्द हातात घेतला.

‘वियर्ड’ हा मुळात विशेषण नव्हताच. जुन्या इंग्रजीत ‘वीर्द’ म्हणजे नियती, माणसाच्या वाट्याला जे येतं ते. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणी ‘वियर्ड सिस्टर्स’ म्हणवतात तेव्हा त्या विचित्र दिसतात म्हणून नव्हे. त्या भविष्य हातात धरून उभ्या आहेत म्हणून. एव्हाना इंग्लंडात हा शब्द जवळजवळ मावळला होता, स्कॉटलंडमध्ये तेवढा तग धरून होता. १६२३च्या छापील प्रतीत त्याचं स्पेलिंगसुद्धा भलतंच आहे. पुढे वाचणाऱ्यांच्या, नाटक पाहणाऱ्यांच्या मनात त्या तिघींचं रूप आणि तो शब्द एकमेकांना चिकटले. एकोणिसाव्या शतकात ‘वियर्ड’ म्हणजे पाहून अंगावर काटा येईल असं, आणि मग हळूहळू ‘काहीतरीच’ असा अर्थ स्थिरावला. नियतीपासून फोनच्या घंटीपर्यंत हा शब्द उतरत आला.

पण मला खरी भारावून टाकणारी गोष्ट त्याच्याही मागे आहे. ‘वीर्द’चं मूळ ज्या धातूत आहे त्याचा अर्थ ‘वळणं, फिरणं’. त्याच मूळ धातूचं संस्कृत रूप म्हणजे वृत्. वर्तन, वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, वर्तमान ही सगळी त्याच घरातली माणसं. काळाचं चाक फिरतं आणि फिरत फिरत जे आपल्यापुढे येऊन थांबतं ते ‘वियर्ड’. भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे वियर्ड आपलाच शब्द?” मी म्हटलं, “आपला नव्हे गं. चुलत-चुलत.”

या नात्यामुळे मला त्या शब्दाबद्दल जिव्हाळा वाटतो, आणि म्हणूनच त्याला दिवसभर हमालासारखं राबवलेलं पाहवत नाही. इंग्रजीत त्याला किती भावंडं आहेत! ती असताना एकट्यानं सगळी ओझी का उचलावीत?

आता ती चप्पल घ्या. ती वियर्ड नाही, ती ऑड आहे, अगदी मूळ अर्थानं. ‘ऑड’ इंग्रजीत आला तो जुन्या नॉर्स भाषेतून. तिथं ‘ओड्डी’ म्हणजे टोक, त्रिकोण, समुद्रात घुसलेली जमिनीची सोंड. त्रिकोणाला पाया दोन कोनांचा आणि तिसरा कोन एकटाच वर. त्यावरून तिसरा, आणि त्यावरून विषम संख्या. दोघांचं भांडण अडलं की ज्याच्या मतानं निकाल लागे त्या तिसऱ्या माणसालाही नॉर्समध्ये याच शब्दावरून नाव होतं. म्हणजे ऑड माणूस हा एके काळी मानाचा माणूस होता. त्याच्यावाचून गाडा हलत नसे. इंग्रजीत येईपर्यंत तो मान गळून पडला आणि उरला तो फक्त उरलेला. जोड्या लावून झाल्यावर ज्याला जोडी मिळाली नाही तो. मोज्याच्या ढिगातला शेवटचा मोजा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याचा अर्थ ‘चारचौघांत न बसणारा’ असा झाला. मराठीत ‘विषम’चीही वाट थोडीफार तशीच आहे. सम नाही ते विषम. मग संख्या विषम, वाटणी विषम, आणि ताप विषमज्वर. पण विषमला ‘तऱ्हेवाईक’ हा अर्थ काही चिकटला नाही. तिथं इंग्रजी आणि मराठीची वाट फुटली.

शब्दांची ही मुळं खणत गेले तसं एक गोष्ट वारंवार हाताला लागू लागली. विचित्रपणा दाखवणारा जवळजवळ प्रत्येक इंग्रजी शब्द मुळात त्या वस्तूबद्दल काहीच सांगत नाही. तो सांगतो बोलणारा कुठं उभा होता ते. ‘आउटलँडिश’ म्हणजे बाहेरच्या मुलखातला. ‘स्ट्रेंज’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला, तिथंही अर्थ बाहेरचा. ‘अनकूथ’ आज उद्धट, गावंढळ माणसाला म्हणतात, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ फक्त ‘अनोळखी’. उंबऱ्याच्या आत आपण, पलीकडे सगळं ऑड, स्ट्रेंज, आउटलँडिश. परका माणूस दारात उभा राहिला, त्याच्या अंगावरचे कपडे निराळे, बोली निराळी. त्याला पाहून जो शब्द निघाला तो पुढे सगळ्याच न कळणाऱ्या गोष्टींना लागला.

याच संदर्भात एक शब्द मला फार आवडतो. ‘विलायती’ म्हणजे आपल्याकडे परदेशी, गोऱ्यांच्या देशातलं. हिंदुस्थानात चाकरी करणाऱ्या इंग्रज शिपायांनी तो ऐकला आणि आपल्या तोंडात बसेल असा वळवून घेतला, ‘ब्लायटी’. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांमध्ये ब्लायटी म्हणजे घर, मायदेश. जीव घेणार नाही पण घरी पाठवेल एवढी जखम झाली तर तिलाही ‘ब्लायटी’च म्हणत. आपण ज्या शब्दानं परकेपणा दाखवायचो त्याच शब्दात त्यांनी घरची ओढ भरली. शब्द तोच. उभं राहायची जागा तेवढी बदलली.

‘एक्सेंट्रिक’ची गोष्ट आभाळातली आहे. ग्रीक खगोलशास्त्रात ग्रहांच्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीवर येत नसे तेव्हा त्या वर्तुळाला ‘केंद्राबाहेरचं’ म्हणत. गणितात आपण ‘उत्केंद्रता’ म्हणतो ती हीच. पुढे इंग्रजीनं तो शब्द माणसांना लावला. ज्याचं फिरणं आपल्याभोवती नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी बिंदूभोवती आहे, तो एक्सेंट्रिक. किती समंजस कल्पना आहे ही! तो माणूस भरकटलेला नाही, त्याचंही वर्तुळ पुरं आहे, फक्त मध्य निराळा. आणि आपला ‘केंद्र’ हा शब्दसुद्धा ग्रीक ‘केंट्रॉन’वरूनच संस्कृतात आला. म्हणजे एक्सेंट्रिक आणि केंद्र हे शब्द एकाच गाभ्यातून निघाले.

‘पेक्युलियर’ तर थेट गोठ्यातून आलेला आहे. लॅटिनमध्ये ‘पेकू’ म्हणजे गुरंढोरं. संस्कृत ‘पशु’चा हा सख्खा नातलग. गुरं हीच संपत्ती, म्हणून ‘पेक्युलियम’ म्हणजे माणसाची स्वतःची मालमत्ता. पेक्युलियर म्हणजे ज्याचं त्याचं, खास आपलं. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये देव आपल्या लोकांना ‘पेक्युलियर’ म्हणतो तो हेटाळणीनं नव्हे, ‘माझे’ या अर्थानं. जे फक्त एकाचंच आहे ते बाकीच्यांना विचित्र वाटणार, यात नवल काय!

आणि ज्याच्याशी हे सगळं ताडून पाहायचं तो ‘नॉर्मल’? तो आला सुताराच्या हत्यारपेटीतून. लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या. भिंत गुण्यात आहे की नाही हे गवंडी बघतो ना, तसंच. जे गुण्यात बसलं ते नॉर्मल, बाहेर गेलं ते अ‍ॅबनॉर्मल. ‘इनॉर्मस’ शब्दातही हाच गुण्या दडलेला आहे. आज त्याचा अर्थ अवाढव्य, मुळात मात्र ‘मापाबाहेर गेलेलं’. नॉर्मल म्हणजे नेहमीचं, चारचौघांसारखं, हा अर्थ तर फक्त एकोणिसाव्या शतकापासूनचा. त्याआधीही माणसं होती, तऱ्हा होत्या, पण माणसाला लावायचा गुण्या अजून कुणी हातात घेतला नव्हता.

गुण्या कुणाच्या हातात आहे हा प्रश्न शास्त्रालाही चुकलेला नाही. २०१०मध्ये जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या प्रयोगांबद्दल एक निबंध लिहिला. ‘माणसाचं मन असं चालतं’ म्हणून जे निष्कर्ष काढले जातात त्यांसाठी तपासलेल्या माणसांपैकी ९६ टक्के ज्या देशांतली होती, त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के वस्ती आहे. पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाहीतली ही माणसं. या पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवली की शब्द होतो, वियर्ड. दिसणं, निवड करणं, न्याय-अन्याय ठरवणं अशा कितीतरी बाबतींत उरलेल्या जगाशी ताडून पाहिलं तर वेगळी निघतात ती हीच माणसं, असं त्या निबंधाचं म्हणणं. ज्याला आपण गुण्या समजत होतो तीच काठी वाकडी होती.

हे वाचायला छान वाटतं. पण शब्द वस्तूवर पडण्याऐवजी जिवंत माणसावर पडला, की काय होतं?

शाळेत माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. जिना चढताना ती पायऱ्या मोजायची. शेवटच्या पायरीवर आकडा विषम आला की खाली उतरायची आणि पहिली पायरी ओलांडून पुन्हा चढायची. ओठ हलत असायचे, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला असायचा. घंटा झालेली असायची, मागून मुलांचा लोंढा येत असायचा आणि त्या लोंढ्याविरुद्ध ती एकटी खाली उतरत असायची. सगळे तिला ‘चक्रम’ म्हणायचे. मीही म्हणायचे. तो शब्द किती सहज निघायचा तोंडातून! वर्षभरानं ती शाळा सोडून गेली. त्या शब्दानं तिचं काय केलं हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि ते वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

इंग्रजीत असे दोन शब्द आहेत ज्यांना हात लावताना मी जपून लावते. एक ‘फ्रीक’. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ नुसती लहर, अचानक मनात आलेली हुक्की. मग ‘निसर्गाची लहर’ आणि मग ज्या माणसाचं शरीर चारचौघांसारखं नाही तो माणूसच फ्रीक. एकोणिसाव्या शतकात पैसे घेऊन अशा माणसांचे खेळ मांडत. जोसेफ मेरिक हा त्यांपैकी एक. आजारानं त्याचं डोकं आणि अंग वेडंवाकडं वाढलं होतं. १८८४मध्ये लंडनच्या एका दुकानात त्याला लोकांना दाखवायला ठेवलं होतं. पुढे त्याला समोरच्याच इस्पितळात आसरा मिळाला आणि १८९०मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्याचा उजवा हात जवळजवळ निकामी होता. तरी इस्पितळातल्या खोलीत बसून त्यानं पुठ्ठ्याची एका चर्चची प्रतिकृती बनवली, मनोरे आणि खिडक्यांसकट. ती आजही जपून ठेवलेली आहे. मी तिची छायाचित्रं पाहिली आहेत. ती पाहताना ‘फ्रीक’ हा शब्द मनात येऊच शकत नाही. मनात येतं ते एवढंच, की त्यानं कागद कापायला कात्री कशी धरली असेल?

दुसरा शब्द ‘क्वीअर’. तिरपं, आडवं, वेगळं, असा त्याचा जुना अर्थ. जर्मन ‘क्वेर’शी त्याचं नातं असावं असं मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी समलिंगी माणसांना हिणवायला तो वापरला जाऊ लागला आणि विसाव्या शतकात शिवीच झाला. आणि मग ज्यांच्यावर तो फेकला जात होता त्यांनीच तो उचलून स्वतःच्या फलकावर लिहिला. १९९०मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका संघटनेनं आपलं नावच ‘क्वीअर नेशन’ ठेवलं. आज मराठीतही लोक ‘मी क्वीअर आहे’ असं सरळ, ताठ मानेनं सांगतात. एखादा शब्द असा परत घेता येतो, ही मला भाषेतली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वाटते. ‘चक्रम’ अजून कुणी परत घेतलेला नाही.

हलक्याफुलक्या शब्दांचीही गर्दी आहेच. ‘झेनी’ हा मुळात इटालियन नाटकातला गडी. जियोव्हानी या नावाचं उत्तर इटलीतल्या बोलीतलं रूप झान्नी, आणि त्या नावाच्या विदूषकी नोकरावरून इंग्रजी ‘झेनी’. ‘बिझार’ फ्रेंचमधून आला, त्याआधी इटालियनमध्ये तो तापट माणसाला म्हणत. स्पॅनिशमध्ये मात्र बिझार्रो म्हणजे शूर, उमदा! भाचीचं पाण्याखालचं स्वप्न मी या शब्दाच्या पदरात टाकलं आणि तिलाही ते पटलं. ‘रम’ या जुन्या ब्रिटिश बोलीतल्या शब्दाचा प्रवास तर उलटा. चोरांच्या गुप्त भाषेत त्याचा अर्थ होता उत्तम, फक्कड, आणि अठराव्या शतकात तो झाला विचित्र, संशयास्पद.

वाक्प्रचारांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो निळा चंद्र. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे क्वचित, जवळजवळ कधीच नाही. धर्मगुरूंवर टीका करणाऱ्या १५२८मधल्या एका इंग्रजी पुस्तिकेत म्हटलं आहे, की ते चंद्र निळा आहे म्हणाले तर आपण तेही खरं मानायचं. म्हणजे निळा चंद्र ही तेव्हा अशक्य गोष्ट होती. पण चंद्र निळा दिसतोही. १८८३मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा हवेत उडालेल्या बारीक राखेमुळे आणि १९५०मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुरामुळे थेट ब्रिटनमध्ये तो निळा दिसला होता. कणांचा आकार नेमका जुळून आला की लाल प्रकाश विखुरतो आणि निळा आपल्यापर्यंत पोचतो. एका महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणायची आजची रीत मात्र एका चुकीतून आली. १९४६मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकातल्या एका लेखानं जुन्या पंचांगातला नियम चुकीचा वाचला; मासिकानं ती चूक १९९९मध्ये स्वतःच छापून मान्य केली. तोवर चुकीचाच अर्थ जगभर रुळला होता.

त्या दुसऱ्या पौर्णिमेचं गणित मराठी माणसाला परकं नाही. १९ वर्षांत कॅलेंडरचे महिने २२८ आणि पौर्णिमा २३५. वरच्या ७ पौर्णिमा कुठल्या ना कुठल्या महिन्यात दाटीवाटीनं बसतात. आपले अधिक महिनेही १९ वर्षांत सातच. तिकडे त्या हिशेबातून निळा चंद्र निघाला आणि इकडे ‘दुष्काळात तेरावा महिना’. आकडे सारखे, पण ज्याच्या घरात धान्य नाही त्याला तो जादा महिना कसा दिसला बघा. दुर्मीळपणासाठी आपल्याकडे शब्द आहे तोही पंचांगातलाच, कपिलाषष्ठीचा योग. भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतीपात हे सगळं एका दिवशी जमावं लागतं. शिवाय ‘उंबराचं फूल’ आहेच. उंबराला फुलं येतात, ती फळाच्या आत असतात म्हणून दिसत नाहीत. इतकं नेमकं निरीक्षण एका वाक्प्रचारात मावलेलं आहे.

काळ्या हंसाचीही अशीच गोष्ट. रोमन कवी जुव्हेनल यानं दुर्मीळ गोष्टीला काळ्या हंसाची उपमा दिली ती काळा हंस नसतोच हे गृहीत धरून. दीड हजार वर्षं युरोपात ती म्हण चालली. १६९७मध्ये विलेम द व्लामिंग हा डच दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका नदीत शिरला आणि तिथं काळे हंस पोहत होते. त्या नदीला नावच पडलं हंसांची नदी. तिथल्या माणसांना अर्थातच त्यात काही नवल नव्हतं.

तरी माझं घर तसंच अडलेलं होतं. ते सुटलं भाचीच्या अंगठ्यामुळे.

चौथ्या दिवशी ती पुन्हा त्या मैत्रिणीबद्दल बोलत होती. मी म्हटलं, “इंग्रजीत अशा वेळी ‘समथिंग इज ऑफ’ असंही म्हणतात. किंवा ‘फिशी’, मासळी शिळी झाल्यावर वास येतो तसं.” ती म्हणाली, “फिशी नाही गं. ती काही लपवत नाहीये. पण मला खटकलं.”

खटकलं! मी तिच्याकडे बघतच राहिले. तीन दिवस मी विशेषणं शोधत होते आणि मराठीत ही गोष्ट विशेषणात राहतच नाही. ती राहते क्रियापदात. आपल्याला खटकतं. कसंतरी होतं. चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मनात पाल चुकचुकते. कुठंतरी पाणी मुरतंय, काहीतरी शिजतंय. इंग्रजीत ‘आय फील फनी’ म्हणताना बरं नाही की हसू येतंय, हा घोटाळा होऊ शकतो. म्हणून तिथं ‘फनी पेक्युलियर की फनी हाहा’ असं विचारायची पद्धतच पडली. आपण म्हणतो ‘मला कसंतरीच होतंय’ आणि ऐकणारा पटकन खुर्ची पुढे करतो. विचित्र, विक्षिप्त, तऱ्हेवाईक ही विशेषणं आपल्याकडेही आहेत आणि चांगली आहेत. ‘विचित्र’ तर मुळात ‘रंगीबेरंगी’. त्यात कमतरता नाही, उलट भरपूरपणा आहे. पण अगदी आतलं, नाव न देता येणारं काही सांगायचं असतं तेव्हा मराठी माणूस वस्तूवर शिक्का मारत नाही. तो ‘मला’ म्हणतो आणि क्रियापद पुढे करतो. ज्या उभं राहण्याच्या जागेचा शोध मी इंग्रजी शब्दांच्या मुळाशी जाऊन घेत होते ती जागा इथं वाक्यातच लख्ख लिहिलेली आहे.

मी लगेच लिहिलं, ‘आत येताक्षणी तिला काहीतरी खटकलं.’ मग थांबले. हे बरोबर होतं, पण यात घर सुटून गेलं आणि सगळा भार बाईवर आला. तिचाच काही भास असेल असं वाटू लागलं. चार पानं पुढे कळतं, की घड्याळ खरंच दहा मिनिटं पुढे होतं, कुणीतरी नुकतंच तिथून उठून गेलेलं होतं. म्हणजे दोष घरात होता, फक्त कळला तिला. मी ‘तिला’ खोडलं. ‘घरात काहीतरी खटकत होतं.’ आता कुणाला खटकत होतं हे वाक्य सांगत नाही. बाईला, की वाचणाऱ्यालाच, हे उघडं राहतं. कुसळ रुतलं. मोठ्यानं दोनदा वाचून पाहिलं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी भाची बाहेरून आली ती दारातूनच बोलत.

“मावशी, ती चप्पल अजून तिथंच आहे.”

“कुठली?”

“ती ऑड. उजव्या पायाची. कुणी उचलली पण नाही आणि फेकली पण नाही.” बूट काढता काढता ती थांबली. “दुसरी कुठं असेल गं?”